अंगणातील हिरवळीस शेतातील खत : माप व खबरदारी

नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड व दिंडोरी तालुक्यांत, द्राक्षबागेशेजारील घरापुढे हरळीची हिरवळ राखलेली आता पुष्कळ ठिकाणी दिसते. घरात युरियाची अर्धी गोणी उरलेली असते. हिरवळ पिवळी पडली की त्यातील चार ओंजळी तिच्यावर फेकल्या जातात. दोन-तीन दिवसांत जेथे ओंजळ पडली तेथे तपकिरी डाग उमटतात आणि खत खोटे निघाले, असा समज होतो. वस्तुतः खत खरेच असते. चुकलेले असते ते माप.

गवत का करपते?

कैरीच्या फोडींस मीठ लावले की त्यांना पाणी सुटते. रासायनिक खत हेही एक प्रकारे क्षारच होत. ते एके ठिकाणी दाट पडले तर मुळांतील व पात्यांतील पाणी बाहेर ओढले जाते व गवत सुकते. शेतात खत मातीआड जाते. हिरवळीवर ते थेट पानांवर पडते, म्हणून येथे धोका अधिक.

माप कसे धरावे?

युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. एका गुंठ्याच्या हिरवळीस एका वेळी अर्धा किलो युरिया पुरे होतो. म्हणजे दहा फूट लांब व दहा फूट रुंद जागेस सुमारे ४५ ग्रॅम. ४५ किलोची एक गोणी या मापाने नव्वद गुंठ्यांना, म्हणजे सव्वादोन एकरांना पुरेल. यावरून ओंजळीने दिलेले खत किती जास्त होते, हे ध्यानात येईल. अंदाजावर न जाता खत तराजूने तोलावे. हिरवळीसाठी नवी गोणी आणू नये. अनुदानाचा युरिया शेतीसाठी आहे. चाळलेले, चांगले कुजलेले शेणखत हिरवळीस नेहमीच हितावह असते.

देण्याची रीत

गवत कापून घ्यावे व पाने कोरडी असताना खत द्यावे. तोललेल्या खतात दुप्पट कोरडी बारीक माती मिसळून त्याचे दोन भाग करावेत. एक भाग पूर्व-पश्चिम व दुसरा दक्षिणोत्तर चालत सारखा विखरावा. चुना किंवा राख त्यात मिसळू नये, कारण त्यामुळे नत्र वायुरूपाने उडून जाते. लगेच भरपूर पाणी द्यावे. त्यामुळे पाने धुऊन निघतात व नत्रही जमिनीत उतरते. पुन्हा खत देण्यापूर्वी निदान सहा आठवडे जाऊ द्यावेत. पावसाळ्यातील उघडीप ही योग्य वेळ होय. मुसळधार पावसापूर्वी, कडक उन्हात, तसेच निफाडकडे पारा उतरतो त्या ऐन थंडीत हरळीची वाढ मंदावलेली असताना खत देऊ नये.

डाग पडलेच तर वर दिसणारे दाणे प्रथम गोळा करावेत व मग पाणी द्यावे. हरळीची जमिनीतील खोडे जिवंत असल्यास ती पुन्हा फुटते.

गुरे आणि विहीर

गवताचे नुकसान भरून निघते. पुढील दोन धोक्यांचे तसे नाही.

गाय, म्हैस, शेळी यांच्या पोटात युरिया गेला की त्याचा अमोनिया बनतो व तो जनावरास विषारी ठरतो. जनावर बेचैन होते, थरथरते, तोंडास फेस येतो, पोट फुगते. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्यास बोलवावे. गोणी गोठ्यात ठेवू नये, रिकामी गोणी हौदात धुऊ नये आणि युरियाच्या पाण्याची बादली उघडी सोडू नये. खत दिलेल्या हिरवळीवर भरपूर पाणी मुरेपर्यंत गुरे व मुले जाऊ देऊ नयेत. ते गवत कापून लगेच गुरांस घालू नये.

जादा नत्र पाण्याबरोबर झिरपून नायट्रेटच्या रूपाने विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. जास्त झाल्यास विशेषतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. पाणी उकळल्याने हा दोष जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. यास्तव विहिरीभोवतालचा पट्टा खताविना ठेवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंच्या अंगणात एकदा तराजू लावून गुंठ्याचे खत प्रत्यक्ष दाखवावे. एकदा डोळ्यांनी पाहिलेले माप सहसा विसरले जात नाही.