खाजकुयलीची खाज ॲलर्जी नव्हे

ठाण्यात वर्तकनगरहून उपवन तलावाला वळसा घालून येऊरच्या चढाला लागलं, की पावसाळा सरता सरता झुडपांवर जांभळ्या फुलांचे घोस लोंबणारा एक वेल दिसू लागतो. थंडीत त्याला बाकदार शेंगा धरतात, अंगभर सोनेरी-तपकिरी लव असलेल्या. ही खाजकुयली. शेंगा वाळल्या की लव सुटते, वाऱ्यावर उडते, मानेला-मनगटाला चिकटते आणि माणूस खाजवून खाजवून बेजार होतो. डोंगर उतरून मग मेडिकलमध्ये ॲलर्जीची गोळी मागितली जाते. खाजकुयलीविषयीचा पहिला गैरसमज त्या गोळीतच आहे. तो सोडवत गेलं की वाट थेट आपल्या रक्ताच्या गुठळीपर्यंत जाते.

“ही ॲलर्जीच”

ॲलर्जी व्हायला शरीराची त्या पदार्थाशी आधी ओळख व्हावी लागते आणि ती सगळ्यांनाच होत नाही. खाजकुयली पहिल्यांदा लागली तरी खाजते, आणि जवळपास प्रत्येकाला खाजते. ॲलर्जीच्या खाजेत त्वचेतल्या पेशी हिस्टामिन सोडतात, आजूबाजूला लाली पसरते. सेट्रिझिनसारखी गोळी अडवते ती या हिस्टामिनला. खाजकुयलीची खाज हिस्टामिनवर चालतच नाही. म्हणून तशी पसरट लाली येत नाही आणि गोळीचा फारसा उपयोगही होत नाही.

“केस टोचतात म्हणून खाजतं” हेही खरं नाही. हेच केस दाबाखालच्या वाफेत तापवले तर टोचतात तसेच, पण खाज येत नाही. प्रयोगशाळेत असे निकामी केलेले केस हिस्टामिनमध्ये बुडवून खाजेच्या अभ्यासासाठी वापरतात. म्हणजे करामत केसाच्या टोकाची नाही, उष्णतेने मरणाऱ्या कशाची तरी आहे. अमेरिकेतले वॉल्टर शेली आणि रॉबर्ट आर्थर यांनी १९५५ मध्ये दाखवलं की ते प्रथिनं कापणारं एक एन्झाइम आहे. त्याला त्यांनी म्युक्युनेन म्हटलं. ते नेमकं काय कापतं, हे कळायला मात्र २००८ उजाडलं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या ईथन लर्नर यांच्या गटाने दाखवलं की म्युक्युनेन आपल्या पेशींच्या पृष्ठभागावरचे ‘पार-२’ आणि ‘पार-४’ हे दोन रिसेप्टर, म्हणजे संदेश घेणारी प्रथिनं, कापून जागे करतं. यातला पार-४ आपल्या प्लेटलेटवरही असतो, आणि तिथे त्याला जागं करतं रक्त गोठवणारं एन्झाइम, थ्रॉम्बिन.

खाजकुयली लागली तर चोळू नये, केस आणखी आत जातात. चिकटपट्टी लावून ओढावी आणि मग धुवावं. शेण किंवा ओली माती लावून सुकल्यावर खरवडायची, या जुन्या उपायात केस उचलले जातात हे पटण्यासारखं आहे. पण नखांनी ओरबाडलेल्या कातडीवर शेण-माती म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण. चिकटपट्टी हेच काम धोका न पत्करता करते.

“रिसेप्टर म्हणजे कुलूप, किल्ली बाहेरून येते”

शाळा-कॉलेजात हीच उपमा शिकवतात आणि बहुतेक हार्मोनांना ती लागू पडते. ‘पार’ रिसेप्टरांच्या कुटुंबात मात्र किल्ली कुलपाच्याच अंगावर झाकून ठेवलेली असते. पार-१ हा रिसेप्टर ४२५ अमिनो आम्लांची साखळी आहे. तिचं एक टोक पेशीबाहेर मोकळं असतं. थ्रॉम्बिन ४१व्या आणि ४२व्या कडीच्या मध्ये कापतं, वरचा तुकडा गळून पडतो आणि उघडं पडलेलं नवं टोक वळून आपल्याच रिसेप्टरमध्ये बसतं. पेशीच्या आत संदेश सुटतो. थ्रॉम्बिन तिथे अडकून राहत नाही, पुढचा रिसेप्टर कापायला मोकळं होतं. त्यामुळे अगदी थोडं थ्रॉम्बिनही पुष्कळ रिसेप्टर जागे करू शकतं.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शॉन कॉफलिन यांच्या गटाने १९९१ मध्ये हे उलगडलं. मानवी पेशींमधले जनुकीय संदेश त्यांनी बेडकाच्या अंडपेशींत घातले आणि कोणत्या अंडपेशी थ्रॉम्बिनला दाद देतात ते पाहिलं. मग त्या नव्या टोकासारखी छोटी साखळी कृत्रिमरीत्या बनवून दिली, तर थ्रॉम्बिन नसतानाही रिसेप्टर जागा झाला. माझ्या मते शंकेला जागा न ठेवणारा इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात क्वचितच मिळतो. एकदा कापलेला रिसेप्टर पुन्हा जोडता येत नाही. पेशी तो आत ओढते आणि मोडीत काढते. संदेश हवा असेल तर नवा रिसेप्टर लागतो.

“थ्रॉम्बिनचं काम गुठळी बांधणं, बस्स”

फायब्रिनोजेन कापून फायब्रिनचे धागे तयार करणं हे त्याचं पुस्तकात दिलेलं काम. पण प्लेटलेटना चेतवणाऱ्या सगळ्या घटकांत थ्रॉम्बिन सर्वांत जबर आहे, आणि ते हे काम करतं पार-१ आणि पार-४ कापून. रक्तवाहिनीच्या अस्तरावरही पार-१ असतो. तिथे थ्रॉम्बिनचा निरोप पोचला की अस्तराच्या पेशी आक्रसतात, त्यांच्यात फटी पडतात आणि द्रव बाहेर झिरपतो. जखमेभोवतीच्या सुजेला थ्रॉम्बिनचा असा हातभार लागतो. आणखी विलक्षण म्हणजे प्रोटीन-सी नावाचं, गोठण्याला आवर घालणारं एन्झाइम हाच रिसेप्टर पाच कड्या पुढे, ४६व्या कडीपाशी कापतं, आणि पेशीला मिळणारा निरोप उलटा होतो: अस्तर घट्ट धर. रिसेप्टर तोच, पेशी तीच; काप कुठे बसला त्यावर अर्थ ठरतो.

म्युक्युनेनही पार-४ जागा करतं, पण यावरून “मग खाजकुयलीने रक्त गोठेल” अशी भीती वाटून घेऊ नये. केस त्वचेच्या वरच्या थरांत अडकतात, रक्तप्रवाहात जात नाहीत.

“रक्त पातळ करणारी गोळी”

घरोघरी हाच शब्द आहे, आणि त्यामुळे लोक या गोळ्या एकच समजून अदलाबदल करतात किंवा बंद करतात. यातली कुठलीही गोळी रक्तात पाणी घालत नाही. ॲस्पिरिन प्लेटलेटमधल्या थ्रॉम्बॉक्सेनची निर्मिती थांबवते. क्लोपिडोग्रेल प्लेटलेटवरचा वेगळाच रिसेप्टर बंद करते. वॉरफॅरिन यकृतात व्हिटॅमिन के-वर अवलंबून असलेले गोठण-घटक नीट तयार होऊ देत नाही, तर डॅबिगॅट्रान थेट थ्रॉम्बिनलाच धरते. या चौघींची वाट वेगळी, धोके वेगळे, म्हणून एकीच्या जागी दुसरी परस्पर घेणं जिवावर बेतू शकतं.

पार-१ अडवणारी गोळीही निघाली, व्होरापॅक्सार. अमेरिकेत तिला २०१४ मध्ये परवानगी मिळाली. चाचण्यांत मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण वाढलं, म्हणून पक्षाघात होऊन गेलेल्यांना ती देता येत नाही. अशा औषधांच्या वाटेत एक अडचण उंदरांचीही होती. माणसाच्या प्लेटलेटवर पार-१ आणि पार-४ असतात, उंदराच्या प्लेटलेटवर पार-३ आणि पार-४. जो रिसेप्टर प्लेटलेटवर नाहीच, त्याला रोखणाऱ्या औषधाची परीक्षा साध्या उंदरात कशी घेणार? “उंदरावर चाललं म्हणजे माणसावर चालेल” हा समज इथे पार कोलमडतो.

खाजेकडे परत येतो, कारण माझी खरी तळमळ तिथे आहे. एक्झिमाची मुलं रात्र रात्र खाजवत बसतात. घरात वांगी, दही, शेंगदाणे एकेक करून ताटातून काढले जातात आणि ॲलर्जीची गोळी चालूच राहते. गोळीने झोप येते, खाज फारशी जात नाही, आणि दोष आईच्या स्वयंपाकाला लागतो. काही मुलांना अन्नाची ॲलर्जी असतेही, पण ते तपासून ठरवायचं असतं. जर्मनीतल्या मार्टिन श्टाइनहोफ यांच्या गटाने २००३ मध्येच दाखवलं होतं की एक्झिमाच्या रुग्णांच्या त्वचेतल्या चेतातंतूंवर पार-२ वाढलेला असतो, आणि त्याला कापणारं ट्रिप्टेज हे एन्झाइमही तिथे जास्त असतं. म्हणजे येऊरच्या वेलावरची लव जी वाट धरते, तीच वाट इथे शरीर स्वतःच चालवतं, आणि हिस्टामिन रोखून ती बंद होत नाही. पार-२ अडवणारं औषध अजून त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीपर्यंत आलेलं नाही. तोवर नियमित मलम, त्वचेचा ओलावा टिकवणं आणि डॉक्टरांनी सांगितलेला सूज उतरवणारा उपचार, एवढं हातात आहे. मुलाच्या ताटातलं दही मात्र तपासणीशिवाय काढू नये.