वर्ड फाइलमधील छायाचित्रे मूळ स्वरूपात कशी मिळवावीत?

स्मरणिकेसाठी लेख मागवले, की अनेकदा छायाचित्रे वर्ड फाइलच्या मजकुरातच घातलेली येतात. छपाईसाठी ती वेगळी हवी असल्याने कोणीतरी पडद्याचा स्क्रीनशॉट घेतो आणि छापील पानावर चेहरे धूसर उमटतात. दिवंगत संस्थापकाचे ते एकमेव छायाचित्र असेल, तर ही हानी भरून निघत नाही. वास्तविक अधिक चांगली प्रत बहुधा त्याच फाइलमध्ये असते.

चांगल्या छपाईसाठी दर इंचाला साधारण ३०० पिक्सेल लागतात. १८०० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र ६ इंच रुंद छापता येते. तेच पडद्यावर ६०० पिक्सेलमध्ये दिसत असताना स्क्रीनशॉट घेतला, तर जेमतेम २ इंच रुंदीपुरते उरते.

वर्ड २००७ पासून रूढ झालेली 'डॉकएक्स' फाइल म्हणजे झिप पद्धतीने बांधलेले गाठोडे होय. त्यात मजकूर व चित्रे वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. हे गाठोडे सोडण्यासाठी प्रथम फाइलची दुसरी प्रत करावी. विंडोजमध्ये 'व्ह्यू' विभागातून फाइलच्या नावाचे शेपूट दिसेल अशी व्यवस्था करावी. प्रतीच्या नावातील शेवटचे 'डॉकएक्स' काढून 'झिप' लिहावे आणि 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' निवडावे. उघडलेल्या 'वर्ड' फोल्डरमधील 'मीडिया' या फोल्डरात सर्व चित्रे एकत्र सापडतात. फाइल जुन्या 'डॉक' प्रकारची असल्यास ती आधी वर्डमध्ये उघडून 'डॉकएक्स' म्हणून साठवावी. लिब्रेऑफिसच्या 'ओडीटी' फाइललाही हीच युक्ती लागू पडते. तेथे फोल्डरचे नाव 'पिक्चर्स' असते.

या उपायाला एक मर्यादा आहे. फाइल साठवताना वर्डने चित्राचे पिक्सेल आधीच घटवले असतील, तर गेलेला तपशील परत येत नाही. त्यामुळे लेखासोबत मूळ छायाचित्र स्वतंत्रपणे पाठवणेच श्रेयस्कर.

याच सोयीची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. वर्डमध्ये 'क्रॉप' करून लपवलेला भाग अनेकदा फाइलमध्ये तसाच राहतो. ओळखपत्राचा क्रमांक अशा रीतीने झाकला असेल, तर गाठोडे सोडणाऱ्याला तो वाचता येईल. म्हणून चित्र आधी बाहेर कापावे आणि मगच लेखात घालावे.