जुनी जीप ‘स्लो’ धरत नाही? कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी हे वाचा

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं मित्राच्या जुन्या पेट्रोल जीपमधून येडशीच्या रामलिंगला निघालो होतो. सोलापूर-धुळे महामार्गावर गाडी मस्त पळाली. येडशीत वेग कमी केला आणि गाडी बंद. पुन्हा स्टार्टर, पुन्हा बंद. चोक ओढला की चालायची, सोडला की मान टाकायची.

मित्राने बोनेट उघडलं आणि कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने गाडी चालू राहायला लागली, पण इंजिन उगाच ओरडत होतं आणि पेट्रोलचा उग्र वास येत होता. शेवटी एका मेकॅनिकने एक रबरी नळी काढून हातात दिली. तिला बोटाच्या पेराएवढी चीर होती. नळी बदलली, स्क्रू पुन्हा जागेवर आणले, विषय संपला.

चूक काय झाली होती? स्क्रू बिघडलेलाच नव्हता. तरीही सगळ्यात आधी आम्ही त्यालाच फिरवलं.

‘स्लो’ आणि ‘मिक्श्चर’ म्हणजे नेमकं काय?

ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाही इंजिन फिरत राहतं, त्याला गॅरेजच्या भाषेत ‘स्लो’ म्हणतात. जुन्या पेट्रोल जीपमध्ये हा वेग साधारण मिनिटाला ८०० ते ९०० फेऱ्यांच्या आसपास असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल.

मिक्श्चर म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा जास्त झाली की मिश्रण ‘लीन’, पेट्रोल जास्त झालं की ‘रिच’.

स्लोवर थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. इंजिन अगदी थोड्या हवेवर जगत असतं. त्यामुळे एखाद्या चिरेतून आत येणारी थोडीशी हवाही मोठा फरक पाडते. महामार्गावर झडप उघडी असते, इंजिन भरपूर हवा घेतं आणि तीच गळती जाणवतही नाही. म्हणून आमची गाडी रस्त्यावर पळत होती आणि चौकात बंद पडत होती.

हे कोणत्या गाड्यांना लागू आहे?

कार्बोरेटर असलेल्या पेट्रोल गाड्यांना. उदाहरणार्थ, १९८५ साली आलेली मारुती जिप्सी. तिला २००० च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शन मिळालं. त्याआधीच्या जिप्सीत कार्बोरेटर आहे. इंजेक्शनच्या गाडीत मिश्रण कॉम्प्युटर ठरवतो. तिथे स्क्रूशी न खेळता थ्रॉटल बॉडी साफ करायची आणि स्कॅनर लावायचा. डिझेल जीपला मिक्श्चरचा स्क्रू नसतोच. तिचा स्लो बिघडला तर आधी डिझेल फिल्टर आणि लाइनमध्ये शिरलेली हवा बघतात.

लीन की रिच, कसं ओळखायचं?

लीन असेल तर: स्लो वर-खाली होतो, चोक ओढल्यावर इंजिन सुधारतं, पाय सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो, प्लगचं टोक पांढरट दिसतं. असंच खूप दिवस चालवलं तर इंजिन तापतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतो.

रिच असेल तर: काळा धूर, पेट्रोलचा वास, पडलेलं ॲव्हरेज, गरम इंजिन सुरू व्हायला त्रास, प्लगवर काळी काजळी.

प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण साधारण ठीक आहे, असं समजायचं.

तपासायचं कोणत्या क्रमाने?

१. एअर फिल्टर. धुळीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर लवकर तुंबतो. हवा कमी पडते आणि गाडी रिच होते.

२. रबरी नळ्या आणि गॅस्केट. इंजिन चालू ठेवून एकेक व्हॅक्यूम नळी पकडीने हलकेच दाबा. एखादी दाबल्यावर स्लो सुधारला तर गळती त्याच वाटेवर आहे. ब्रेक बूस्टरची नळी विसरू नका. मात्र पंखा आणि बेल्टपासून हात आणि ओढणी-मफलर लांब ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि जागा मोकळी हवी. बंद शेडमध्ये हे काम करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

३. प्लग, पॉइंट आणि टायमिंग. ठिणगी कमजोर असेल तरी गाडी मिसिंग करते आणि आपण उगाच मिश्रणाला दोष देतो.

४. कार्बोरेटरमधला कचरा. स्लोसाठीचा जेट अगदी बारीक असतो. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर तो आधी तुंबतो.

५. यानंतरच स्क्रू.

फक्त चढावरच बंद पडत असेल तर?

मग कारण बहुतेक वेगळं असतं. कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट पेट्रोलची पातळी सांभाळतो. गाडी तिरकी झाली की वाटीतलं पेट्रोलही एका बाजूला जातं. कधी जेटला पेट्रोल मिळत नाही, तर कधी जास्त होऊन कार्बोरेटर ‘ओव्हर’ होतो. सपाटीवर गाडी उत्तम आणि चढावर बंद, असं असेल तर स्क्रूला हात न लावता फ्लोटची पातळी तपासून घ्या. (येडशी रामलिंग घाट हे अभयारण्य आहे, हेही लक्षात ठेवा. चढाची चाचणी करायला तिथे रस्ता सोडून गाडी घालू नका.)

पेट्रोल बदललं, त्याचं काय?

धाराशिव हा साखर कारखान्यांचा जिल्हा. उसापासून बनणारं इथेनॉल आता आपल्याच टाकीत येतं. देशात पेट्रोलमधलं इथेनॉल २०१४ मध्ये सरासरी दीड टक्का होतं, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते: १ किलोला साधारण ९ किलो. २० टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येतं. नव्या गाड्यांचा सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. जुना कार्बोरेटर मात्र पूर्वीइतकंच पेट्रोल सोडतो, म्हणून गाडी थोडी लीन चालते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि त्या काळातलं रबर त्याच्यासाठी बनलेलं नव्हतं. म्हणून नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या घ्या आणि अर्धी टाकी भरलेली गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका.

स्क्रू फिरवायचाच असेल तर?

दोन स्क्रू असतात. एक झडप किती उघडी राहील ते ठरवतो, तो स्लोचा. दुसरा मिक्श्चरचा. गल्लत इथेच होते. मिक्श्चरचा स्क्रू झडपेच्या इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो आत फिरवल्यावर मिश्रण लीन होतं. काही मोटरसायकलींमध्ये तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो. तिथे तोच स्क्रू आत फिरवल्यावर मिश्रण रिच होतं.

इंजिन पूर्ण गरम करा, चोक सोडा, फिल्टर लावलेलाच ठेवा. आधी स्क्रू हलक्या हाताने आत नेत किती फेरे बसले ते मोजून लिहून ठेवा आणि पुन्हा तिथेच आणा. जोराने आवळू नका, सुईचं टोक खराब होतं. आता पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सगळ्यात जलद आणि सलग कुठे चालतं ते शोधा. मग स्लोच्या स्क्रूने वेग पुन्हा ठरलेल्या आकड्यावर आणा.

काम नीट झालं का, हे पीयूसी केंद्रावर कळतं. तिथे पेट्रोल गाडीचा धूर स्लोवरच मोजतात. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. आकडा त्याच्या वर गेला तर मिश्रण रिच आहे.

मित्राच्या जीपमध्ये आता डॅशबोर्डच्या खणात एक चिठ्ठी असते: मिक्श्चर स्क्रूचे फेरे, तारीख आणि पीयूसीचा आकडा. शेजारी नळीचा एक जादा तुकडा आणि दोन क्लिप. स्क्रूड्रायव्हरही आहे, पण तो खणाच्या तळाशी.