विलीनीकरणातील मूल्यनिवड

विलीनीकरणातील मूल्यनिवड म्हणजे एकाच व्यक्तीच्या, मालमत्तेच्या वा स्थळाच्या दुबार नोंदी एकत्र करताना प्रत्येक रकान्यातील कोणते मूल्य टिकवायचे, हे ठरविण्याची पद्धत होय. ग्राहक, विद्यार्थी, मतदार इत्यादींच्या मूळ माहितीसाठी ती वापरली जाते. शेवटी उरणाऱ्या नोंदीस ‘सुवर्ण नोंद’ म्हणतात.

दोन्ही नोंदी एकाच घटकाच्या आहेत, याची खात्री आधी करावी लागते. लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीतील खंडाळा (पिनकोड ४१०३०१) आणि सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असलेले खंडाळा (४१२८०२) ही नामसाम्य असलेली भिन्न स्थळे आहेत. जन्मतारखेचेही तसेच. शाळाप्रवेशाच्या सोयीसाठी १ जून ही तारीख लिहिलेले असंख्य लोक महाराष्ट्रात आहेत. त्यामुळे नाव व जन्मतारीख जुळली, एवढ्यावरून माणूस एकच ठरत नाही.

== निकष ==
अधिक विश्वसनीय स्रोत, अलीकडची नोंद, अधिक पूर्ण मूल्य आणि बहुसंख्य नोंदींतील मूल्य हे प्रचलित निकष आहेत. ‘अलीकडची नोंद’ हा निकष दूरध्वनी क्रमांकास योग्य ठरतो. न बदलणाऱ्या जन्मतारखेस नाही. तिच्यासाठी मूळ दाखलाच पाहावा लागतो. पत्ता मात्र अखंड घ्यावा. घरक्रमांक एका नोंदीतून व पिनकोड दुसरीतून घेतल्यास अस्तित्वातच नसलेले घर तयार होते. खंडाळ्यात बंगला आणि मुंबईत वास्तव्य असलेल्या मालकाचे दोन्ही पत्ते खरे असतात. एक मालमत्तेचा, दुसरा पत्रव्यवहाराचा. तेथे निवड करणे हीच चूक होय.

== मतदार यादीतील उदाहरण ==
लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १७ व १८ नुसार कोणाचेही नाव एकाहून अधिक मतदारसंघांत, किंवा एकाच मतदारसंघात एकाहून अधिक वेळा, नोंदविता येत नाही. २०२५ मधील नगरपरिषद निवडणुकांच्या वेळी महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने १ जुलै २०२५ ची विधानसभा मतदार यादी वापरली. तीतून नाव वगळण्याचा अधिकार आयोगास नव्हता. म्हणून संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारांकने छापण्यात आली आणि मतदान कोठे करणार, हे मतदारालाच विचारण्याची व्यवस्था झाली. प्रतिसाद न देणाऱ्याकडून मतदान केंद्रावर हमीपत्र घ्यावयाचे होते. येथे निवड संगणकाने नव्हे, संबंधित व्यक्तीने करावयाची होती. चुकीच्या जुळणीने एखाद्याचा मताधिकार जाऊ शकतो, हे पाहता ते योग्यच म्हटले पाहिजे.

== पूर्ववत करणे ==
गाळलेली मूल्ये, त्यांचा स्रोत व विलीनीकरणाची तारीख जपून ठेवली, तरच चुकून जोडलेल्या नोंदी पुन्हा वेगळ्या करता येतात.