जॅम करूया, पण खांदे न मोडता

मे महिना चालू आहे. बांद्यात कुणाच्याही पडवीत डोकावा, एका कोपऱ्यात रायवळ आंबे पसरलेले दिसतील आणि दुसऱ्या कोपऱ्यात फणस. काजूच्या बागेत बोंडू पडून कुजतायत. सगळी फळं एकदम पिकतात आणि आपले हात मात्र दोनच. म्हणून आज जॅमबद्दल बोलायचं ठरवलंय. आपल्या घरातला मिक्सर, कुकर, वजनकाटा, फ्रीज ही मंडळी जॅमच्या कामात कुठे उपयोगी पडतात आणि कुठे दगा देतात, ते सांगते.

आधी आमची फजिती ऐका. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने आंब्याचा जॅम केला. चुलीवर मोठा टोप, आळीपाळीने ढवळणं. एका काकूंचा खांदा असा भरून आला की आठवडाभर त्यांना कळशी उचलवेना. एका वहिनीच्या मनगटावर रसाचा थेंब उडाला, त्याचा डाग अजून आहे. आणि एवढं करून शेवटी कोणीतरी म्हणालं, "साखर कमी घाल गो, सगळ्यांका शुगर आसा." मलाही ते पटलं. अंदाजाने साखर घातली, अंदाजाने टोप उतरवला, बाटल्या भरल्या. चतुर्थीला बाटल्या विकायच्या होत्या. त्याआधीच झाकणं फुगली. एक उघडली तर फसफस. काहींवर बुरशी. सगळा जॅम खड्ड्यात ओतला. पैसे गेलेच, पण शेजारणीला दिलेली बाटली ती परत घेऊन आली, ते जास्त लागलं.

त्यानंतर आम्ही शिकलो ते असं.

जॅम टिकतो कशामुळे?

मोरांबा तुम्हाला सगळ्यांना येतो. एकतारी पाक आला की तो वर्षभर राहतो हे आपल्या आज्यांना माहीत होतं. जॅमचं शास्त्र तेच. साखर नुसती गोडीसाठी नसते. ती फळातलं पाणी धरून ठेवते. बुरशीला आणि आंबवणाऱ्या जंतूंना ते पाणी मिळत नाही, म्हणून जॅम टिकतो. त्यासाठी तयार जॅममध्ये फळाची आणि वरून घातलेली साखर धरून विरघळलेला अंश शंभरात किमान 65 लागतो. सरकारी नियमातही हाच आकडा आहे, आणि फळ शंभरात किमान 45 हवं. आम्ही साखर कमी केली आणि पाणीही नीट आटवलं नाही. जंतूंना आयतं जेवण वाढलं!

दुसरी गोष्ट पेक्टिन. फळातला चिकट, गोठवणारा अंश. कच्च्या फळात तो जास्त, अगदी पिकलेल्यात कमी. म्हणून चार पिकल्या आंब्यांत एक पाडाचा, थोडा कच्चट आंबा घालावा. तिसरी गोष्ट आंबटपणा. तो असला की पेक्टिन धरतं. गोड आंब्याच्या 1 किलो रसाला दोन लिंबांचा रस पुरतो. करवंदाला मुळातच आंबटपणा असतो.

वजनकाटा: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हुशार

तुम्हाला वाटेल मी मिक्सरपासून सुरुवात करीन. नाही. आमचा जॅम वाचवला तो वजनकाट्याने. हिशेब सोपा आहे, कागद पेन्सिल घ्या.

समजा रिकामा टोप 900 ग्रॅम. त्यात आंब्याचा रस 1 किलो आणि साखर 750 ग्रॅम. सगळं मिळून 2 किलो 650 ग्रॅम. पिकल्या आंब्याच्या रसात साधारण 150 ग्रॅम साखर स्वतःचीच असते. म्हणजे एकूण 900 ग्रॅम झाली. ही 900 ग्रॅम जॅमच्या शंभरात 65 च्या वर भरायची, तर जॅम 1 किलो 300 ग्रॅमच उरायला हवा. त्यात टोपाचे 900 मिळवा. काटा 2 किलो 200 ग्रॅम दाखवेल तेव्हा जॅम झाला. म्हणजे साडेचारशे ग्रॅम पाणी उडालं.

टोप गॅसवरून उतरवा, डाव बाहेर काढा आणि मग वजन करा. काट्यावर आधी लाकडी पाट किंवा जाड घडी ठेवून काटा शून्यावर आणा, नाहीतर गरम बुडाने प्लास्टिक वितळेल. फळ बदललं की त्याची मूळ गोडी बदलते. कमी गोड फळ असेल तर अजून थोडं आटवावं लागतं.

थर्मामीटर असेल तर 105 अंशावर थांबायचं. हा स्वयंपाकाचा थर्मामीटर असतो, तापाचा नव्हे! पाणी 100 अंशाला उकळतं. साखर दाट होत जाते तसा उकळीचा अंश चढतो, म्हणून पाच अंश वर.

आणि काहीच नसेल तर फ्रीज आहे. स्टीलची ताटली दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. तिच्यावर जॅमचा थेंब टाका, मिनिटभराने बोटाने सरकवा. वर सुरकुती पडली तर झाला. पाणी सुटून पसरला तर अजून आटवा. ताटली बघेपर्यंत गॅस बंद ठेवा, नाहीतर इकडे परीक्षा आणि तिकडे करपणं.

मिक्सर

रायवळ आंब्याला धागा फार. हाताने पिळून, चाळणीवर घासून रस काढायला अर्धा दिवस जातो. मिक्सरला हे काम मिनिटांचं. साल आणि कोय काढून गर फिरवा, मग चाळणीतून एकदा काढा. "मिक्सरात घातला तर चव जाता काय?" असं आमच्या एका मावशींनी विचारलं होतं. चव जात नाही. बी दळली गेली तर मात्र कडू-तुरट होतं. म्हणून करवंद आणि जांभूळ आधी थोड्या पाण्यात शिजवून, चाळणीवर घासून बिया काढायच्या. मिक्सर लागलाच तर नंतर.

दोन गोष्टी विसरू नका. गरम गर बंद भांड्यात फिरवू नका, वाफेने झाकण उडतं आणि तोंड भाजतं. थंड होऊ द्या, भांडं अर्धंच भरा. आणि मिक्सर सलग चालवू नका. मिनिटभर चालवा, थोडा थांबवा. मध्येच बंद पडला तर मोटर जळली म्हणून घाबरू नका. बऱ्याच मिक्सरना तळाशी छोटं लाल बटण असतं. थोडा वेळ थांबून ते दाबलं की पुन्हा सुरू होतो.

कुकर

कुकर फळ मऊ करायला. अननस, आवळा, कापा फणस यांना उघड्या टोपात शिजायला वेळ लागतो. कुकरच्या डब्यात फळ घाला, पाणी कुकरच्या तळाशी, डब्यात नाही. दोन शिट्ट्या पुरे. डब्यात पाणी घातलंत तर तेच पाणी पुढे तासभर आटवत बसाल.

बोंडूची गोष्ट वेगळी. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. सीमेपलीकडे गोव्यात बोंडूची फेणी होते, आपल्याकडे मात्र बी काढून बोंडू टाकून देतो. त्यात क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी जास्त. पण घसा धरतो, कारण त्यात तुरट द्रव्य असतं. म्हणून बोंडू धुऊन, मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, कुकरमध्ये वाफवायचे. सुटलेलं पाणी टाकून द्यायचं, थंड पाण्याने धुवायचे, मग मिक्सर. तुरटपणा बराच उतरतो. आम्ही बोंडूत निम्मा अननस घालतो. मुलं विचारतात, "ह्या कसला?" सांगितलं तर विश्वास बसत नाही.

पण साखर घातलेला जॅम कुकर बंद करून शिजवू नका. वाफ बाहेर जाणार नाही म्हणजे पाणी आटणार नाही, तळ करपेल, आणि चिकट रस शिट्टीच्या भोकात अडकला तर धोका. साखर पडली की झाकण नको.

टोप, गॅस आणि शेगडी

जॅमचा टोप रुंद तोंडाचा, जाड बुडाचा, स्टीलचा घ्या. तोंड रुंद असेल तर वाफ लवकर जाते, ढवळणं कमी होतं, रंगही उजळ राहतो. अॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ आंबट फळाला नको. टोप अर्ध्याहून जास्त भरू नका. एका वेळी 1 ते 2 किलो रस पुरे. आमची पहिली चूक हीच होती, दहा किलोचा टोप. मोठा घाणा वेळ वाचवत नाही, खांदा मोडतो.

आधी रस एकटाच थोडा शिजवा, मग साखर घाला. साखर विरघळेपर्यंत मंद आच, मग मोठी, शेवटी पुन्हा मंद. आंब्याचा रस उडतो, म्हणून लांब दांड्याचा डाव आणि पूर्ण बाह्यांचं पोलकं. लिंबाचा रस अगदी शेवटाकडे.

विजेची इंडक्शन शेगडी असेल तर आच एकसारखी राहते. टोपाच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तर तो टोप तिच्यावर चालतो. पण पावसाळ्यात आपली वीज कधी जाईल सांगता येत नाही, गॅस तयार ठेवा. ओल्या हाताने प्लग लावू नका.

बाटल्या

मोठ्या पातेल्याच्या तळाला कापड घाला, धुतलेल्या काचेच्या बाटल्या थंड पाण्यात बुडवा आणि मग उकळा. उकळी आल्यावर 15 मिनिटं. झाकणंही उकळा. बाटल्या उपड्या ठेवून पूर्ण निथळू द्या. गरम बाटलीत गरम जॅम. थंड बाटलीत ओतलात तर काच तडकते. बाटली लाकडावर ठेवून भरा, लगेच झाकण लावा, तारीख लिहा. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, आणि चमचा कोरडा. कुठेही बुरशी दिसली तर वरची काढून खालचा जॅम खाऊ नका, सगळा टाका.

फ्रीजरचा अजून एक उपयोग. मे महिन्यात वेळ नसेल तर आंब्याचा रस डब्यात भरून गोठवून ठेवा आणि शेतीचं काम उरकल्यावर निवांत जॅम करा. मात्र वीज जास्त वेळ गेली आणि रस वितळला तर त्याच दिवशी वापरा.

विकायचं असेल तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी आधी करा. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आपल्या जवळच आहे. 1957 पासून ते काम करतंय, काजूच्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जाती तिथल्याच. अडलं तर तिथे जाऊन विचारा. विचारायला लाजायचं नाही.

आणि शुगरवाल्यांचं काय? त्यांच्यासाठी साखर कमी केलेला जॅम करायचा तर एक छोटी वाटी करा, फ्रीजमध्ये ठेवा, चार-पाच दिवसांत संपवा. तो बाटलीत भरून फडताळात ठेवायचा नाही आणि विकायचा तर मुळीच नाही. पुऱ्या साखरेचा जॅम त्यांना न वाढणं हेच प्रेम.

शेवटी एक सांगते. मागच्या वर्षी आम्ही पुन्हा जॅम केला. मिक्सर एकीचा, काटा दुसरीचा, कुकर माझा. दोन-दोन किलोचे घाणे, दुपारी जेवणं झाल्यावर. त्याच काकू खुर्चीवर बसून काट्याकडे बघत होत्या. आकडा उतरत उतरत ठरल्या जागी आला तशा ओरडल्या, "बंद कर गो गॅस!" खांदा दुखला नाही. चतुर्थीपर्यंत एकही झाकण फुगलं नाही. ज्या शेजारणीने बाटली परत आणली होती, तिने दोन विकत घेतल्या.

या आठवड्यात 1 किलो आंब्यांचाच जॅम करून बघा, आणि टोपाचं वजन आधी लिहून ठेवा. चला, येते. नमस्कार.