खुर्ची कुणासाठी?
व्यवस्थापनाच्या अभ्यासातली ख्रिस्ती दृष्टी

बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यात शिरले, की पुढे सांखळी लागते. त्याच परिसरात 'गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट' आहे. मुलाला किंवा मुलीला एमबीए करायचे म्हटले, की आपल्याकडच्या घरांत या संस्थेचे नाव निघतेच. मात्र १९९३ साली रायबंदरला तिची सुरुवात झाली ती एका ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पुढाकाराने, हे अनेकांना ठाऊक नसते. फादर रोमुआल्ड डिसोझा हे जेज्युइट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू. त्याआधी त्यांनी जमशेदपूरच्या 'एक्सएलआरआय'चे संचालकपद सांभाळले होते आणि १९८७ साली सुरू झालेल्या भुवनेश्वरच्या झेवियर व्यवस्थापन संस्थेचेही ते संस्थापक संचालक होते.

धर्मगुरूंचा आणि बाजार, नफा, मनुष्यबळ यांचा संबंध काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. ख्रिस्ती दृष्टीने नेतृत्वाचा अभ्यास म्हणजे प्रार्थना करून धंदा वाढवण्याची युक्ती, असेही काहींना वाटते. प्रत्यक्षात हा अभ्यास एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. खुर्ची असते कुणासाठी?

सासऱ्याचा सल्ला

या विषयाच्या वर्गात बायबलमधला एक घरगुती प्रसंग नेहमी सांगितला जातो. मोशे आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामीतून सोडवून रानावनातून नेत होता. लोकांचे तंटेबखेडे तो एकटाच मिटवी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्यापुढे माणसांची गर्दी. त्याचा सासरा इथ्रो भेटीला आला, त्याने दिवसभर हा प्रकार पाहिला आणि जावयाला स्पष्ट सांगितले, की तुझे हे वागणे बरे नाही. अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. कर्तबगार, देवाला भिणारी, खरे बोलणारी आणि लाच न घेणारी माणसे निवड. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर त्यांना नेम. अवघड प्रकरणे तेवढी स्वतःकडे ठेव.

अधिकारांच्या वाटपाचा हा धडा 'निर्गम' या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात आहे. सासऱ्याला जावयाच्या तब्येतीची काळजी होती, तशीच रांगेत ताटकळणाऱ्या माणसांचीही होती. एका सहीसाठी 'साहेब आले का?' म्हणून चार-चार हेलपाटे घालणाऱ्याला इथ्रोचे म्हणणे वेगळे समजावून सांगायला नको.

पाय धुणारा गुरू

दुसरा प्रसंग येशूच्या शेवटच्या भोजनाचा. शिष्यांमध्ये मोठा कोण, यावर वाद होत असत. जेवण चालू असताना येशू उठला, कमरेला रुमाल बांधला आणि एकेका शिष्याचे पाय धुऊ लागला. त्या काळी हे काम नोकराचे. पेत्राला तर ते सहनच होईना! दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी कॅथॉलिक चर्चमध्ये धर्मगुरू भाविकांचे पाय धुतात, तो विधी याच प्रसंगाची आठवण आहे. यात स्त्रियांचेही पाय धुता येतील, असा बदल पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली केला.

याच विचाराची झलक सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या मठाच्या नियमांतही दिसते. मठात महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असेल, तर प्रमुखाने सगळ्यांना बोलवावे आणि वयाने सर्वांत लहान असलेल्याचेही ऐकून घ्यावे, कारण अनेकदा देव चांगली गोष्ट त्याच्याच तोंडून सांगतो, असे तो नियम म्हणतो. निर्णय प्रमुखाचाच, पण ऐकल्यानंतरचा.

त्याग कुणी करायचा?

'सेवा' हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. अर्ध्या पगारावर राबणाऱ्या शिक्षिकेला, दवाखान्यातल्या परिचारिकेला किंवा संस्थेच्या शिपायाला 'अहो, सेवा समजून करा' असे सांगणारे संचालक आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. सेवेचा उपदेश खुर्चीवरून खाली होऊ लागला, की त्याचे शोषण व्हायला वेळ लागत नाही.

इथे नहेम्याची गोष्ट उपयोगी पडते. हा इराणच्या राजाच्या दरबारातला यहुदी सेवक. यरुशलेमची पडलेली तटबंदी बांधायला तो निघाला. आधी रात्री फिरून त्याने पडझड पाहिली, मग अनेकांना आपापल्या घरासमोरचाच भाग बांधायला दिला. तट ५२ दिवसांत उभा राहिला. योजना आणि कामाची वाटणी शिकवण्यासाठी हे उदाहरण दिले जाते. पण त्याच पुस्तकाचा पाचवा अध्याय अधिक महत्त्वाचा आहे. गरिबांनी धान्यासाठी शेते आणि द्राक्षमळे गहाण टाकले होते, मुले दास्यात दिली होती, आणि सावकार त्यांच्याच समाजातले होते. नहेम्याने भरसभेत त्यांना जाब विचारला, जमिनी आणि व्याज परत करायला लावले. स्वतः सुभेदार म्हणून मिळणारा भत्ता मात्र त्याने १२ वर्षे घेतला नाही. त्याने आपला हक्क सोडला. मजुराला मजुरी सोडायला सांगितले नाही.

१८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. कामगाराला कुटुंबासह जगता येईल असे वेतन मिळावे आणि त्याला संघटना करण्याचा हक्क असावा, असे त्यात सांगितले. जेज्युइटांनी १९४९ साली पोलादनगरी जमशेदपूरला संस्था काढली, तिच्या नावातच 'लेबर रिलेशन्स', म्हणजे श्रमसंबंध हे शब्द आले. आज तिथे सर्व धर्मांची मुले शिकतात, मोठमोठ्या कंपन्यांत जातात. पण संस्थेचे मूळ मालक आणि मजूर यांच्यातल्या न्यायात आहे.

टेलिफोन कंपनीतला माणूस

'सेवक-नेता' ही कल्पना जगभरच्या कंपन्यांत पोहोचवली रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा हा माणूस अमेरिकेतल्या 'एटी अँड टी' या टेलिफोन कंपनीतून १९६४ साली निवृत्त झाला आणि १९७० साली त्याने या विषयावर निबंध लिहिला. स्फूर्ती मिळाली हेर्मान हेस या जर्मन लेखकाच्या एका कादंबरिकेतून. प्रवाशांचे सामान वाहणारा नोकर नाहीसा होतो आणि सारा जथा विस्कटतो. पुढे कळते, की तोच त्या पंथाचा प्रमुख होता. या हेसची आई केरळातल्या तलश्शेरीला जन्मली होती. तिचे वडील बासेल मिशनचे. याच मिशनने आपल्या शेजारच्या धारवाड-हुबळीतही काम केले.

ग्रीनलीफ यांची कसोटी साधी आहे. ज्यांची सेवा केली, ती माणसे वाढली का? ती अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र झाली का? आणि समाजातल्या सर्वांत वंचिताचे काय झाले?

घरचीच परीक्षा

या कसोटीला ख्रिस्ती संस्थाही नेहमी उतरल्या, असे नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात मुलांचे लैंगिक शोषण करणाऱ्या धर्मगुरूंना पाठीशी घालून एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये पाठवले गेले, हे २००२ साली उघड झाले. तिथल्या आर्चबिशपांना त्याच वर्षी राजीनामा द्यावा लागला. संस्थेची अब्रू वाचवताना ज्यांच्यासाठी संस्था होती, ती मुलेच विसरली गेली. म्हणून या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने बायबलमधल्या थोर पुरुषांबरोबर ही प्रकरणेही अभ्यासायला हवीत. नेता सज्जन आहे एवढ्यावर भागत नाही; त्याला जाब विचारण्याची सोयही हवी.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशिअस यांनी सोळाव्या शतकात एक सवय घालून दिली होती. दिवसातून दोनदा थांबायचे, झालेला दिवस डोळ्यांपुढे आणायचा, कुठे चुकलो ते पाहायचे. त्याला एमबीएची पदवी लागत नाही. पतपेढीचे अध्यक्ष, शाळेचे मुख्याध्यापक, बचत गटाच्या ताई, दुकानाचे मालक, घरातल्या सासूबाई, ज्यांच्या शब्दावर चार माणसे चालतात, त्या सगळ्यांना ते जमण्याजोगे आहे. रात्री दिवा मालवण्यापूर्वी एवढेच आठवावे: आज माझ्यामुळे कुणाला ताटकळावे लागले? कुणाचे बोलणे मी अर्ध्यावर तोडले? आणि कुणाच्या हक्काचे पैसे अजून माझ्याकडेच आहेत?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'आहेत' असे आले, तर ते उद्या सकाळी देऊन टाकावेत.