मत्स्यपेटीतील दिवस आणि रात्र

दिवाणखान्यातील मत्स्यपेटीचा दिवा बहुधा घरातील माणसांच्या सोयीने लागतो. सकाळी चहाच्या वेळी कोणीतरी कळ दाबतो; दुपारी घर निजते, दिवा मात्र जागाच असतो; रात्री अकरा-बारा वाजता कोणाला आठवण झालीच तर तो मालवला जातो. पंधरा-सोळा तासांचा असा दिवस काही आठवडे चालला, की काचेवर हिरवी साय धरते, पानांवर केसांसारखे शेवाळ लोंबू लागते आणि कधी कधी सबंध पाणीच मुगाच्या कढणासारखे दिसू लागते. मग रविवार साधून पेटी रिकामी होते, वाळू नळाखाली खळखळून धुतली जाते, ताजे पाणी भरले जाते. आणि मंगळवारपर्यंत मासे मरून तरंगू लागतात. दोष दुकानदाराला किंवा माशांच्या नाजूक प्रकृतीला दिला जातो. दिव्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

वास्तविक हिरव्या पाण्याने मासे मेलेले नसतात. त्यांना मारते ती ही अतिरेकी स्वच्छता. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया हे विष पाण्यात उतरते. वाळूत व फिल्टरमध्ये वस्ती करून राहिलेले सूक्ष्म जंतू त्याचे हळूहळू निरुपद्रवी नायट्रेट बनवितात. धुण्यात ते जंतू जातात, नळाच्या पाण्यातील क्लोरीन उरलेल्यांचा निकाल लावतो आणि माशांचे कल्लेही पोळतो. दिवा आधीच वेळेवर मालवला असता, तर पाण्याला हात लावण्याची पाळी सहसा आली नसती.

हा दिवा हवा असतो कोणाला? माशाला त्याची गरज थोडी. त्याला हवी असते ती दिवस-रात्रीची ओळख. उत्तर व पूर्व भारतातील ओढ्यांत आणि भातखाचरांत आढळणारा, अंगावर निळे पट्टे असलेला झेब्रा डॅनियो हा चिमुकला मासा घ्या. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळला जातो. तेथे त्याला १४ तास उजेड व १० तास काळोख देण्याची रीत आहे. दिवा लागताच, म्हणजे त्याच्या लेखी पहाट होताच, मादी अंडी घालू लागते. काळोखात त्याच्या शरीरात मेलॅटोनिन हा स्राव वाढतो आणि तो निजतो. माशाला आपल्यासारख्या पापण्या नसतात, तेव्हा डोळे मिटून उजेड टाळण्याची सोय त्याला नाही. रात्रभर दिवा जळत ठेवणे म्हणजे त्याची झोप हिरावून घेणेच होय.

मग घरीही १४ तास का नकोत? कारण प्रयोगशाळेतील पेट्यांत वाळू-वनस्पती नसतात आणि पाणी सतत शुद्ध होत असते. घरच्या पेटीत उरलेल्या खाद्याचे आणि विष्ठेचे खत साचते. त्यावर हक्क सांगायला वनस्पती आणि शेवाळ असे दोघे भाऊबंद टपलेले असतात. पुरेशा प्रखर दिव्याखाली वनस्पतींचे पोषण आठ तासांत होते. त्यापुढील उजेडाचा लाभ मुख्यतः शेवाळ उठविते. दिवा मंद असेल तर तास वाढवून वनस्पतींची भूक भागत नाही. शेवाळाला मात्र तेवढा उजेड पुरतो. म्हणून तास न वाढविता दिवा बदलणे बरे.

वनस्पती असलेल्या पेटीला आठ तास, फार तर दहा. नव्याने मांडलेल्या पेटीला पहिले काही आठवडे सहाच. आणि वनस्पती नसतील तर पाहण्यापुरते चार-पाच तास, हे प्रमाण बहुतेक घरांना लागू पडते. खिडकीतून थेट ऊन येत असेल, तर ते आधी अडवावे. घटकाभराचे ऊनही दिव्याला भारी पडते. शेवाळ वाढते आहे असे दिसले, तर एक तास कमी करून दोन आठवडे वाट पाहावी. रोज नवा प्रयोग करू नये.

पाणी हिरवे झालेच, तर पेटी जाड कापडाने तीन-चार दिवस पूर्ण झाकून ठेवावी. तेवढ्या काळोखाने किंवा उपासाने धडधाकट माशांना अपाय होत नाही. हवेचा पंप मात्र चालू हवा, कारण मरणारे शेवाळ कुजताना प्राणवायू खाते. नंतर पाव हिस्सा पाणी तेवढे बदलावे, तेही क्लोरीन घालवून.

पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडताना दिसतात, तेव्हा ‘रात्री दिवा नसल्याने वनस्पती प्राणवायू देत नाहीत’ असे म्हणून कोणी रात्रभर दिवा लावतात. काळोखात वनस्पतीही प्राणवायू घेतात हे खरे. परंतु त्यावर उपाय हवेचा पंप आणि माशांची संख्या कमी करणे हा आहे.

दिवा लावण्या-मालवण्याचीही एक पद्धत आहे. मिट्ट काळोखात पेटीचा दिवा एकाएकी लागला, तर घाबरलेला मासा काचेवर आदळतो, झाकण नसेल तर बाहेरही उडी घेतो. सकाळी आधी खोलीत उजेड येऊ द्यावा, मग पेटीचा दिवा लावावा. रात्री आधी पेटीचा मालवून खोलीचा अर्धा तास ठेवावा. आठ तास सलगच आणि सकाळपासूनच हवेत असे नाही. दिवसभर घर रिकामे असेल, तर दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ ठेवता येते. सकाळचा खोलीतला साधा उजेड माशांना पुरतो. थोडक्या किमतीत मिळणारा टायमर बसविला, की घरची मंडळी गावी गेली तरी पेटीतला दिवस ठरल्या वेळी उगवतो आणि ठरल्या वेळी मावळतो.